गार डोळा

१

मालगाडी आली की पेन्सिल उचलायची. बाकीचे नियम नंतर.

सरांचं घर पुलगाव स्टेशनच्या अलीकडे, रुळांना इतकं चिकटून की गाडी गेली की फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या. सूक्ष्मदर्शक मागच्या खोलीत, खिडकीपाशी. टेबलाच्या पायांखाली सरांनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले होते; त्यांचा उपयोग शून्य. नागपूरकडून कोळसा भरून येणारी गाडी असो नाहीतर मुंबईकडून रिकामी परतणारी, भिंगाखालचं सगळं थरथरायला लागायचं. मग पेन्सिल उचलायची. उजवा डोळा नळीवरून काढायचा नाही, डावा मिटलेलाच ठेवायचा, आणि गार्डाचा डबा जाईपर्यंत गप बसायचं. थरथर थांबली की रेघ जिथे सोडली होती तिथून पुढे.

१९८२ चा एप्रिल होता. मी रोज सकाळी हे करत होतो आणि मजेत करत होतो. त्याआधी काही वर्षं मी पुलगावच्या पानठेल्यांवर उभं राहून जगाला शिव्या देण्यापलीकडे काही केलं नव्हतं. त्या कामात मी वाईट नव्हतो, पण त्यात बढती नसते.

२

मी प्रेमदास ताकसांडे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडलं. काऊन सोडलं म्हणून लोक अजून विचारतात, तर सांगून टाकतो. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक महादेवराव उमाटे, म्हणजे हेच सर. मी वर्षभर डोळे फोडून काढलेल्या आकृत्या त्यांनी स्वतःच्या निबंधात छापल्या आणि खाली माझं नाव घालायला विसरले. 'विसरलो' हा त्यांचा शब्द. मी सगळ्या विभागासमोर दुसरा शब्द वापरला. तो ऐकून प्राचार्य म्हणाले, माफी माग. मला म्हणाले.

घरी बाबांचंही तेच. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याच्याखाली बसून माझा बाप मला वाकायला शिकवत होता. गिरणीत जन्म काढलेल्या माणसाला साहेबाची चूक दिसत नाही, कामगाराचा चढलेला आवाज तेवढा ऐकू येतो. मी माफी मागितली नाही आणि कॉलेजात परत गेलो नाही.

मग सर रिटायर होऊन पुलगावच्या घरी येऊन बसले, आणि त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. एका सकाळी स्वतः आमच्या दारात उभे. आमच्या वस्तीत त्यांनी त्याआधी कधी पाय ठेवला नव्हता. चपला कुठे काढाव्यात तेही त्यांना सुचेना. म्हणाले, शेवाळाची नवीन जात हाती लागली आहे, पण रेघ येत नाही.

"अन् नाव?" मी विचारलं.

"देऊ ना. दोघाचंही देऊ." हे ते आमच्या भिंतीकडे पाहून बोलले.

खोटं बोलत होते. मला ते तिथेच कळलं. तरी गेलो. कोणतीही नवीन जात जगापुढे पहिल्यांदा मांडणाऱ्याचं आडनाव त्या जातीच्या नावामागे कायमचं जोडलं जातं. पुढे रशियातला माणूस लिहो की जपानातला, त्याला ते आडनाव लिहावंच लागतं. मला तिथे 'ताकसांडे' पाहिजे होतं. उमाट्यांच्या मागे चालेल, बारीक अक्षरात चालेल, पण पाहिजे. त्या म्हाताऱ्याकडून मला दुसरं काहीच नको होतं. आणि या खेपेला तो विसरला असता तर मी काय केलं असतं, हे लिहून ठेवण्यासारखं नाही.

३

जात डायटमची होती. डायटम म्हणजे पाण्यातलं एकाच पेशीचं शेवाळ. नुसत्या डोळ्याला दिसत नाही, पण प्रत्येकाला स्वतःचं काचेचं कवच असतं. शेवाळ आम्लात उकळलं की आतला जीव जळून जातो आणि नक्षीदार काचेची डबी तेवढी उरते. ती धुवायची, वाळवायची आणि काचपट्टीवर राळेच्या थेंबात कायमची बसवायची. मेलेल्यांचंच काम आहे सगळं, आणि मेलेल्यांच्या कामात मिळते तेवढी शांतता दुसऱ्या कशात मिळत नाही.

ही डबी सिक्कीमहून आलेली. सरांचा पुतण्या लहानू तिथे फौजेत. जिथे झाडंसुद्धा उगवायचा नाद सोडतात तितक्या उंचीवर दलदलीचं एक कुरण आहे. तिथलं शेवाळ पिळून त्याने रमच्या रिकाम्या बाटल्यांत भरून काकासाठी आणलं. पुलगाव म्हणजे फौजी डेपोचं गाव, रिकामी बाटली इथे कोणी पाहत नाही. पण भरलेल्या बाटल्या उतरताना पाहून शेजारचे दोन सज्जन चौकशीला येऊन गेले. झाकण उघडून वास घेतला आणि तोंड पाडून परतले. तो दिवस आठवला की मला अजून हसू येतं.

आम्लाचं काम अंगणात, वाळूच्या कढईवर. तिथेच खाटेवर देवकाबाईंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, कुरड्या वाळत असायच्या. मी त्यांना काकू म्हणतो. पिवळा धूर त्या बाजूला वळला की काकू पदर नाकाला लावून बाहेर यायच्या.

"माह्या कुरड्या जहरी होतीन. मंग सणाच्या दिवशी तुमच्या सरले ताटात हे किडेच वाढतो."

किडे नाही, शेवाळ आहे, असं सर आतून ओरडले.

"खाता येते का?"

नाही, म्हणाले.

"मंग किडेच," म्हणून काकू खाट ओढत पलीकडे घेऊन गेल्या.

मी ती डबी पहिल्यांदा पाहिली त्या दिवशी रागाबिगाचं सगळं विसरलो, हे कबूल. गिरणीतल्या धोट्यासारखा आकार, दोन्ही टोकं निमुळती, कंबर जराशी आत. दोन्ही अंगांना रेघा, इतक्या नेटक्या की देवळीच्या सोनाराला दाखवल्या असत्या तर त्याने दुकान बंद केलं असतं. आणि मधोमध एक मोकळी जागा, पण ती एकाच अंगाला. अर्धी उघडी पापणी असते तशी. अशी मोकळी जागा असलेली जात सरांकडच्या एकाही पुस्तकात नव्हती. ती एक काचपट्टी आम्ही मुख्य धरली, तिच्यातल्या सगळ्यात सुंदर डबीभोवती शाईचं बारीक कडं काढलं. जात म्हणजे ही, असं पुढे जगाला दाखवायचं ते हिच्याकडे बोट करून.

मग नळीवर एक लहानसा लोलक बसवला. त्यातून पाहिलं की एकाच डोळ्याला भिंगाखालची डबी आणि कागदावरची पेन्सिल एकावर एक दिसतात. नुसतं गिरवत जायचं. मी गिरवत होतो. सर मागे उभं राहून चुका काढत होते. त्या निघत नव्हत्या म्हणून ते चिडत होते. फार आनंदाचे दिवस होते.

४

एका सकाळी नागपूरकडून गाडी आली. पेन्सिल उचलली. टेबल हादरायला लागलं. फुटकी कवचं, वाळूचे कण, भिंगाखालचा सगळा पसारा थरथरत होता.

कड्यातली ती थरथरत नव्हती.

मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे, अर्धवट असलो तरी. पहिला विचार आला की नळीच्या वरच्या काचेवर डाग असेल. डाग भिंगाखाली नसतो, तो कशाला हलेल. वरची काच फिरवून पाहिली. डाग फिरला नाही. काचपट्टी सरकवली, तर ती सगळ्यांबरोबर सरकली. म्हणजे होती ती खालीच, राळेत, बाकीच्यांच्या शेजारी. मग वाटलं, डोळा शिणला. तोंड धुऊन आलो, मुंबईकडच्या गाडीची वाट पाहत बसलो. गाडी आली. फडताळात कपबशा वाजल्या. सगळं थरथरलं. ती नाही. रात्री पाण्यात चांदणं हलतं आणि खालचा दगड हलत नाही, तशी ती पडून होती.

मला भीती वाटायला पाहिजे होती. त्याऐवजी उजव्या डोळ्यात गार वाटलं. कोणी हलकेच फुंकर घालावी तसं. आणि हसू आलं.

सरांना सांगितलं तर म्हणाले, "तुम्ही पोट्टे रात्रभर सिनेमे पाहता अन् सकाळी मले भुतं दाखवता. सरक तिकडे."

ते बसले. चष्मा कपाळावर चढवला, डावा डोळा मिटला, उजवा नळीला लावला. बऱ्याच वेळाने गाडी आली आणि गेली. ते उठले नाहीत. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, गाडीचा हादरा. पण गाडी तर केव्हाच पुढे गेलेली.

सर हसत होते. आवाज न करता, नळीवरचा डोळा न काढता. कॉलेजच्या सगळ्या वर्षांत मी त्या माणसाला हसताना पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं. त्या वेळी फक्त बरंच वाटलं.

५

मे लागला. वर्ध्याकडचा मे काय असतो ते इथल्यांना सांगायला नको, बाहेरच्यांना सांगून पटायचं नाही. डांबर चपलेला चिकटून येतं. नळाचं पाणी अंगावर घ्यावं तर भाजतं. माणसं डोक्याला दुपट्टे गुंडाळून भिंतीच्या कडेकडेने चालतात.

मी रस्त्याच्या मधून चालत होतो. उघड्या डोक्याने. शीळ वाजवत.

डोळ्यातला गारवा आता गालात उतरला होता, मग मानेत, मग उजव्या खांद्यात. आतून कोणीतरी ओलं फडकं ठेवलंय असं. भूक लागायची, झोप लागायची. बाबांशी मी दोन वाक्यं शिवी न घालता बोललो, तर त्यांनी आईला विचारलं, याले ताप आहे का. आईने हात लावून पाहिला आणि चटकन काढून घेतला. गार लागला म्हणे. ऊन लागलं असेल, असं म्हणून तिने मला कांदा हुंगायला दिला. मी हसत हसत हुंगला.

सगळं छान होतं. फक्त एक गोष्ट. एका दुपारी पानठेल्यावर कोणीतरी कॉलेजचा विषय काढला, आणि सवयीने मी राग आणायला गेलो. आला नाही. मी मुद्दाम ते छापलेलं पान आठवलं, माझ्या आकृत्या, खालचं 'म. उमाटे'. प्राचार्यांचा चेहरा आठवला. माझ्याकडे स्वतःचं म्हणावं असं त्या रागाशिवाय काय होतं? कॉलेज नाही, नोकरी नाही. तो राग मी इतकी वर्षं जपला, त्याच्यावर जगलो. आणि आता तिथे हात घातला तर हाताला नुसतं गार लागत होतं.

उन्हाळ्यात माणूस ढिला पडतो, असं मी स्वतःला समजावलं. पटलंही. त्या दिवसांत मला सगळंच पटत होतं.

६

काकूंनी मला एकदा सकाळी अंगणातच अडवलं. सर आत नळीवर होते.

"प्रेमदास, तुह्या सरचं काय बिघडलं रे?"

मी म्हटलं, बिघडलं कुठे, खूश असतात आजकाल.

"तेच म्हणतो मी." काकू खाटेच्या कडेवर बसल्या. कुरड्या उलटवायच्या थांबल्या होत्या. मग त्यांनी सांगितलं ते असं. लग्न होऊन आल्यापासून या माणसाने जेवणाला कधी बरं म्हटलं नाही; मीठ कमी असलं की ताट सरकवायचा, नीट असलं की गप्प. आता रोज म्हणतो, वरण छान झालं. परवा त्यांनी मुद्दाम मिठाचा खडासुद्धा घातला नाही. तरी म्हणाला, छान झालं. हसला आणि अजून मागितलं.

मला ते गमतीचं वाटलं. काकूंना नाही.

"शिव्या देणारा माणूस कसा का असेना, माहा व्हता," त्या म्हणाल्या. "हा कोन व्हय मले समजत नाई. अन् हासते कसा, तू पाह्यलं का? एकाच अंगानं हासते."

काय पाहता रे तुम्ही दोघं त्या नळीत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, या ना, तुम्हीपण पाहा. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या उजव्या गालाकडे. मग उठल्या, कुरड्यांचं सूप उचललं आणि माझ्यापासून दोन हात लांबून घरात गेल्या.

७

जूनच्या तोंडाशी काम संपलं. आकृत्या झाल्या. नियमाप्रमाणे वर्णन लॅटिनमध्येही लागतं. ते नागपूरच्या एका पाद्रीबाबांनी करून पाठवलं. टंकलेखन झालं. फक्त दोन जागा कोऱ्या होत्या: जातीचं नाव आणि मांडणाऱ्यांची नावं. जातीला कोणाचं नाव द्यायचं ते सरांनी सुरुवातीलाच ठरवलेलं. त्याच प्राचार्यांचं. मला ते माहीत होतं, आणि एप्रिलमध्ये मी त्यावर दात खाल्ले होते.

त्या सकाळी सरांनी मला समोर बसवलं. पेन हातात. खिडकीतून ऊन टेबलावर आलेलं. आणि ते हसत होते, भरभरून.

"जातीले नाव तू सांग," म्हणाले. "तुह्या मनात येईन ते."

मला वाटलं थट्टा आहे. म्हटलं, धुरपता. माझी आई, जिनिंगमध्ये सरकी वेचते. सरांनी लगेच लिहिलं, लॅटिनची शेपटी लावून. मग खाली, मांडणाऱ्याच्या जागी, वळणदार अक्षरात लिहिलं: प्रेमदास ताकसांडे.

मी वाट पाहिली. ते थांबले. पेनाला टोपण लावलं.

"सर, तुमचं?"

"माहं कायले? तुह्यानंच झालं सारं."

मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. इतकी वर्षं जे हिसकावून घ्यायचं म्हणून मुठी आवळल्या ते असं ओंजळीत. मी कागद उचलला, नाव वाचलं, पुन्हा वाचलं. आणि तेव्हा लक्षात आलं की अक्षर वळणदार आहे. एकही रेघ थरथरलेली नाही. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. उजवा हात टेबलावर शांत पडला होता, तरुण माणसाचा असतो तसा.

डावा निम्मा टेबलाखाली होता. टेबलाची कड धरून. बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत धरून.

रुळांवरून गाडी येत होती. कपबशा वाजायला लागल्या. काकूंचं ते 'एकाच अंगानं हासते' मला कसं आठवलं कोण जाणे. मी सहज, डोळ्यात काही गेल्यासारखं करून, उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि नुसत्या डाव्याने सरांकडे पाहिलं. तो डोळा मी नळीवर सगळे दिवस मिटून ठेवला होता. त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं.

गाडीच्या हादऱ्याने खोली थरथरत होती. सरांचा डावा गाल थरथरत होता, डावा खांदा, गळ्याची डावी बाजू. उजवी बाजू हलत नव्हती. उजवी बाजू हसत होती. आणि डावा डोळा, तोही त्यांनी जन्मभर नळीवर मिटूनच ठेवलेला, तो उघडा होता आणि माझ्याकडे पाहत होता. तोच जुना, खत्रूड, माझा द्वेष करणारा डोळा. भिंतीपलीकडे जिवंत गाडलेल्या माणसासारखा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या काचपट्टीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मग टेबलावरच्या पितळी वजनाकडे, ज्याने आम्ही कागद दाबत होतो. मग काचपट्टीकडे.

कळायला काही अवघड नव्हतं.

गार्डाचा डबा गेला. मी तळवा काढला. समोर सर बसले होते, आख्खे, प्रसन्न, म्हणत होते, आज पोस्टात टाकून येजो.

८

लेख आणि काचपट्टी दोन्ही कलकत्त्याला पाठवायची होती. मुख्य काचपट्टी सरकारी संग्रहात ठेवतात. नंतर जो कोणी अभ्यासक येईल त्याला ती भिंगाखाली पाहून खात्री करता यावी म्हणून. जो कोणी येईल त्याला. मी ती कापसात गुंडाळून लाकडी डबीत घातली, आणि जेवायला म्हणून आधी घरी गेलो.

आरशात पाहिलं नाही. मी आगाऊ आहे, मूर्ख नाही.

आईला सांगितलं, तुझं नाव दिलंय. तिला आधी कळेना, मग कळलं तेव्हा तोंडाला पदर लावून हसली, शेजारणीला हाक मारून बोलावलं, सांगितलं, माह्या नावाचं शेवाळ हाय म्हनते कलकत्त्याले. बाबासुद्धा हसले. म्हणाले, उमाटे सर शेवटी मोठ्या मनाचे निघाले, मी म्हनत नवतो? एरवी या वाक्यावर मी ताट फेकलं असतं. मी भाकरीचा तुकडा मोडला.

आई म्हणाली, "मले दाखवजो ना एकडाव. कशी दिसते माह्या नावाची?"

डबी माझ्या खिशात होती. सरांच्या घरी नेऊन दाखवायला कितीसा वेळ लागला असता.

"नको," मी म्हणालो.

"काऊन?"

मी हात धुवायला उठलो. ती हिरमुसली, मग पुन्हा हसली. तिला मी दाखवली नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

पोस्टात गर्दी नव्हती. काउंटरवर नत्थूजी, बाबांच्या ओळखीचे. पार्सल उलटंपालटं करून पाहिलं, वजन केलं, पत्ता वाचला, काय आहे विचारलं. काच आहे म्हटलं. फुटणार तर नाही ना, म्हणाले. मी म्हटलं, नाही फुटत.

मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"अरे, तू रडून काऊन राह्यला? अन् हासून बी राह्यला."

मी गालाला हात लावला. डावा गाल ओला होता. डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, थांबत नव्हतं, हनुवटीवरून काउंटरवर पडत होतं. उजवा कोरडा ठणठणीत, गार.

"नाव छापून येऊन राह्यलं माहं, नत्थूजी," मी म्हणालो. "कलकत्त्याले."

"हा, मंग तर आनंदच आहे." त्यांनी शिक्का शाईच्या पॅडवर दाबला. उचलला. माझा ओला गाल पाहून हात तसाच हवेत ठेवला. "पाठवू ना पोरा? का वापस नेतं?"

पार्सल वजन करून त्यांनी परत काउंटरवर माझ्या बाजूला ठेवलं होतं, माझ्या हातापासून वीतभर. बाहेर पायरीला चांगला काळा दगड होता. उजव्या डोळ्याने मला अडवलं असतं असं म्हणता येईल. लोकांना पटेलही. पण तो माझा डावा हात होता, अजून गरम, घामेजलेला, पूर्णपणे माझा, आणि त्यानेच पार्सल नत्थूजींकडे सरकवलं.

"मारा शिक्का," मी म्हणालो.

नाव मला दोन्ही डोळ्यांनी वाचायचं होतं.